बोटीवरच्या लाल माशाचे प्रकरण

शनिवारी रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी, गोव्याचा किनारा सोडून लक्षद्वीपकडे निघालेल्या एका प्रवासी जहाजाच्या भोजनगृहात दिल्लीच्या एका गृहस्थांनी माशाचा पहिला घास घेतला. आठ वाजून अकरा मिनिटांनी त्यांनी टेबलावरच्या फुलदाणीतली फुले काढून बाजूला ठेवली आणि फुलदाणीतले पाणी प्यायले. थोड्याच वेळात भोजनगृहातले दही संपले. एका इंग्रज बाईंनी आइस्क्रीमचा कप दोन्ही गालांना आळीपाळीने लावला. जेवणानंतर कंपनीच्या मोठ्या साहेबांचे स्वागतपर भाषण होते. साहेबांना बोलता येत नसल्यामुळे ते रद्द झाले.

याच वेळी, याच भोजनगृहात, कोल्हापूरहून सहलीला आलेली वीस-बावीस माणसे दोन लांब टेबलांवर बसली होती. त्यांनी मासा दुसऱ्यांदा घेतला. काहींनी रस्सा वेगळ्या वाटीत मागितला.

घटना २००६ सालची, दिवाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली. मी तिथे नव्हतो. मी त्या रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून जिल्ह्याचे पान लावत होतो. वरचा तपशील मला सहलीतल्या सहा जणांनी वेगवेगळा सांगितला आणि फुलदाणीच्या बाबतीत सगळ्यांचे एकमत होते, म्हणून तो छापण्याजोगा धरतो. त्या सहांपैकी एक म्हणजे माझे घरमालक, आकाराम इंगवले. राजारामपुरीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. जिन्याखाली त्यांची पाटी आहे : ‘इंगवले तपास केंद्र. सर्व प्रकारच्या शंका.’

इंगवल्यांचा परिचय मी त्यांच्याच शब्दांत देतो. तो त्यांनी मला बसवून लिहून घ्यायला लावला आणि नंतर तपासूनही दिला :

“आकाराम इंगवले हे पश्चिम महाराष्ट्रातील अग्रगण्य, आणि दक्षिणेकडून मोजत आल्यास पहिलेच, खाजगी गुप्तहेर होत. जकात नाक्यावरील प्रदीर्घ सेवेत त्यांनी बंद पोत्यावर नुसता हात ठेवून आतील मालाची जात, त्याचे वजन व मालकाची नियत ओळखली. त्यांची नजर घारीची असून कान हरणाचे आहेत. नाकाला उपमा उपलब्ध नाही. न उलगडलेले असे एकही प्रकरण त्यांच्या नावावर नाही.”

शेवटचे वाक्य खरे आहे. तोपर्यंत त्यांच्याकडे प्रकरणच आले नव्हते.

ते आले सहलीनंतर पंधरवड्याने, एका बुधवारी सकाळी, पायातल्या चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवत. पंचविशीचा उंच पोरगा. कपाळावर भस्माचा पुसट पट्टा, हातात रेक्झिनची बॅग. त्याच्या हातात इंगवल्यांचे कार्ड होते. जहाजावर चढल्यापासून इंगवल्यांनी ही कार्डे कप्तानापासून फरशी पुसणाऱ्यापर्यंत सगळ्यांना वाटली होती.

“या पावणं,” इंगवले खुर्चीत ताठ बसत म्हणाले. “तुम्ही काही बोलू नका. मी सांगतो. तुम्ही लांबून आलात, पहाटे निघालात आणि तुमची बायको तुमच्यावर रुसली आहे.”

“कुरुंदवाडातनं आलोय, साडेआठच्या एस्टीनं,” पोरगा म्हणाला. “लग्न व्हायचंय अजून.”

“म्हणजे होणारी रुसली आहे,” इंगवले म्हणाले आणि मला लिहून घ्यायची खूण केली.

त्याचे नाव शिवशरण. त्याच जहाजावर तीन वर्षे आचारी. आधी भाज्यांकडे होता, मग मासे करणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि यालाच त्या टेबलावर उभे केले. त्या शनिवारचा मासा त्यानेच केला होता. रविवारी त्याला साहेबांनी बोलावले. पाहुण्यांची तोंडे भाजली, कोल्हापूरचे लोक मात्र टाळ्या वाजवत होते आणि आचारीही कोल्हापूरकडचाच, तेव्हा गाववाल्यांना खूश करायला यानेच हा उद्योग केला, असा कंपनीचा निष्कर्ष निघाला. बोट मुंबईला लागताच त्याला घरी पाठवले. मसाला माशात कुठून आला याचा समाधानकारक खुलासा महिनाअखेरपर्यंत द्यायचा, नाहीतर परत यायचे नाही.

“पुराव्यात काय आहे?” इंगवल्यांनी विचारले.

“डबा हाय. त्या दिवशी टोमॅटोच्या रसातला मासा हुता. संध्याकाळी ड्यूटीवर आलो तर माझ्या टेबलावर स्टीलचा डबा. आत लाल, तेलातलं. मला वाटलं टोमॅटोचं वाटण आणून ठेवलंय. घातलं.”

“डबा कोणाचा?”

“बोटीचाच. झाकणावर नांगराचा शिक्का. असलं डबं आमच्या किचनात सोडून कुठं नसत्यात.”

“किचनच्या बाहेर जातात का कधी?” हे मी विचारले.

“कुणी आजारी असलं तर खोलीत जेवण पाठवतो त्यातनं. पर ते रिकामं हून परत येत्यात.”

“मग तो विषय संपला,” इंगवले म्हणाले. “रिकाम्या डब्यात मसाला नसतो. पुढे?”

“वास नाही आला?” मी विचारले.

“आला की. कांदा-लसणीचा आला. मला वाटलं, घरची आठवण आली.”

“आणि चव?” इंगवले म्हणाले. “आचारी चव बघतो. तू बघितली असतीस तर जागच्या जागी कळलं असतं.”

शिवशरणने दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “मी मासा खात न्हाई, साहेब. आमच्यात चालत न्हाई. जन्मात कधी तोंडाला लावला न्हाई. मापानं करतो. पाणी किती, मीठ किती, कितीला उतरायचा, सगळं कार्डावर लिवलेलं असतंय. कंपनीला हे म्हाईत न्हाई. आणि मी मासं करतो हे आईला म्हाईत न्हाई. ती समजती मी पाव-केक करतो. खुलाशाचा कागद घरी आला तर दोन्हीकडनं गेलो.”

इंगवले उठून खिडकीशी गेले. त्यांच्या पाठीवरून दिसत होते की त्यांना एक जुनी गोष्ट उमगली आहे.

“म्हणून,” ते म्हणाले, “म्हणून शुक्रवारचा मासा तसला होता.”

हा शुक्रवारचा मासा मला तोपर्यंत तोंडपाठ झाला होता. सहलीच्या पहिल्या रात्रीचा. इंगवले त्याच्याबद्दल बोलताना सरकारी भाषा सोडून देत. “मासा पांढरा, वरचा रस पांढरा, बशी पांढरी. मासा कुठं संपतोय आणि बशी कुठं चालू हुतीया कळंना. मी काट्यानं दोनदा बशीच टोचली. चारी बाजूनं समुद्र, मासा ताजा, आणि करून काय घातलं, तर पथ्याचं. पंचगंगेचा मासा चिखलात राहतोय, पर खाल्ला म्हणजे कान गरम हुत्यात. ह्यो खाऊन मला सर्दी झाली.”

आत स्वयंपाकघरातून शालूबाई चहा घेऊन आल्या. इंगवल्यांच्या पत्नी. सहलीला त्याही गेल्या होत्या, पण बोट लागल्यामुळे शुक्रवार-शनिवार त्या खोलीत पडूनच होत्या. भोजनगृह त्यांनी पाहिले नाही. “कुणाचं काय चाललंय?” त्यांनी विचारले. “बोटीवरचं हाय व्हय? मी एक सांगू का…”

“तपासात घरगुती माहिती घेतली जात नाही,” इंगवले म्हणाले. “गुप्तता आहे. चहा ठेव आणि जा.”

शालूबाईंनी चहा ठेवला. शिवशरणच्या कपाखाली बशी नव्हती, ती आणून दिली आणि गेल्या.

तपास त्याच दुपारी सुरू झाला. इंगवल्यांनी प्रथम स्वतःची साक्ष नोंदवून घेतली, कारण घटनास्थळी हजर असलेला सर्वांत विश्वासू साक्षीदार तेच होते. ती अशी : “घटनेच्या दिवशी दुपारी मी स्वतः सदर किचनची पाहणी केली. त्या वेळी सर्व कर्मचारी वर गच्चीवर लाइफ जॅकेटच्या कवायतीला गेले होते. दार उघडे होते. आत एकही संशयित इसम दिसला नाही.”

“तुम्ही तिथे कशाला गेला होता?” मी विचारले.

“खात्याची सवय,” इंगवले म्हणाले. “दार उघडं दिसलं की आत जायचं.”

मी ते तसेच लिहून घेतले. बातमीदाराचे काम लिहिणे आहे.

पहिला तर्क तस्करीचा होता. कोणीतरी मसाला जकात चुकवून समुद्रमार्गे नेत होते. पुढच्या बंदरात तपासणी होणार म्हणून घाबरून त्याने तो माशात लपवला. मी म्हणालो की समुद्रात जकात नाका नसतो. “म्हणूनच तर तिकडनं नेतात,” इंगवले म्हणाले आणि मला माझ्याच प्रश्नाने तर्क पक्का करून दिल्याबद्दल शाबासकी दिली. हा तर्क संध्याकाळपर्यंत टिकला. मग त्यांच्या लक्षात आले की लपवलेला माल सव्वाशे माणसांना वाढला तर तस्कराचे काय उरते.

दुसरा तर्क इंग्रज बाईंचा. “आइस्क्रीम तिच्या हातात इतक्या लवकर आलं कुठून? बाकीचे पाणी शोधत होते. तिला आधीच माहीत होतं.” मी विचारले की त्या बाईंना कांदा-लसूण मसाला कुठून मिळाला असेल. इंगवले म्हणाले, “दीडशे वर्षं हितं होते ते लोक. जाताना काय काय नेलं याची कुणी यादी केली आहे का?”

तिसऱ्यासाठी आम्ही जयसिंगपूरला गेलो. सहलीत नागाप्पा नावाचे एक गृहस्थ होते, मिरचीचे व्यापारी. मिरचीचा व्यापारी, मिरचीचा गुन्हा, यापुढे इंगवल्यांना पुरावा लागत नव्हता. नागाप्पांच्या दुकानात शिरताच आम्हा दोघांना शिंका सुरू झाल्या आणि उलटतपासणी तशीच पार पडली.

“शनिवारी संध्याकाळी,” इंगवले म्हणाले आणि शिंकले, “तुम्ही कुठे होता?”

“बोटीवरच की,” नागाप्पा पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाले. “समुद्रात आणि कुठं जाणार? बसा. तोंडावर रुमाल धरा.”

“माशात मिरची,” पुन्हा शिंक, “तुम्ही घातली. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून. कबूल करा.”

नागाप्पांनी इंगवल्यांकडे शांतपणे पाहिले. इंगवल्यांनी पुरावा म्हणून त्या रात्रीचा रस्सा लागलेला कागदी रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. नागाप्पांनी तो हातात न घेता लांबूनच पाहिला.

“आवं इंगवले, मी शाकाहारी माणूस. तीन दिवस बोटीवर काकडी आणि पाव खाऊन काढलं. माशाच्या भांड्याकडं बघितलंसुदिक न्हाई. आणि दुसरं म्हंजे, माझी मिरची असती तर तो दिल्लीवाला फुलदाणीवर भागला नसता. समुद्रात उडी टाकली असती.”

“धमकी,” इंगवले माझ्याकडे वळून म्हणाले. “लिहून घ्या.”

“आणि ल्ह्या पुढं,” नागाप्पा म्हणाले, “सहलीत असं एकतरी घर हुतं का, ज्याच्या बॅगेत चटणीचा डबा न्हवता? तुमच्या न्हवता?”

“आमच्या घरातील डबा तपासाच्या कक्षेत येत नाही,” इंगवले म्हणाले.

परतीच्या एस्टीत शिरोळ फाट्याला त्यांनी मला वही उघडायला लावली. मग म्हणाले की आता एकच शक्यता उरते. पोरानेच केले, पण त्याला ते माहीत नाही. कोल्हापूरकडच्या माणसाचा हात आहे, डोके बोटीच्या नोकरीत असले तरी हात आपल्या वळणावर जातो. झोपेत माणूस चालतो, तसा जागेपणी हात चालला. यासाठी त्यांनी ‘स्वयंचलित हात’ असा शब्द तयार केला आणि तो खुलाशात घालायचे ठरवले.

“हे वाचून कंपनी त्याला परत घेईल असं वाटतं तुम्हाला?” मी विचारले.

“तसं वाटत नाही,” इंगवले म्हणाले, “पर सत्याला इलाज न्हाई.”

महिना संपायला चार दिवस राहिले होते. शिवशरण रोज कुरुंदवाडच्या नाक्यावरच्या बूथवरून कचेरीत मला फोन करी. “लागला काय तपास?” एवढेच विचारी. मी “चालू आहे” म्हणे. आमच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ काय असतो ते त्याला माहीत नव्हते, एवढे बरे.

रविवारी सकाळी तो आला तेव्हा एकटा नव्हता. मागे त्याची आई होती. गंगव्वा. इरकली लुगडे, कपाळभर भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, आणि हातात फडक्यात बांधलेला पितळी डबा. मुलगा घरी का बसला आहे ते तो सांगत नाही, म्हणून ती त्याच्या मागोमाग एस्टीत चढली होती. शिवशरणचा चेहरा बोटीवरच्या शुक्रवारच्या माशासारखा झाला होता.

शालूबाईंनी तिला आत नेऊन पाटावर बसवले. डब्यात बासुंदी होती. “कोल्हापुरातलं साहेब पोराचं काम करत्यात म्हणं, रिकाम्या हातानं कसं यायचं,” गंगव्वा म्हणाली.

इंगवले मधल्या दारात उभे राहिले. शिवशरणने त्यांच्याकडे हात जोडून पाहिले. मासा हा शब्द तोंडातून काढायचा नव्हता.

“मावशी,” इंगवले म्हणाले, “तुमचा मुलगा निर्दोष आहे, किंवा त्याचा हात दोषी आहे, यावर आमचा विचार चालू आहे. बोटीवर एका वस्तूमध्ये दुसरी वस्तू पडली. पहिली वस्तू कोणती ते महत्त्वाचे नाही.”

“कसली वस्तू?”

“म्हणजे… पाण्यात असते. केकसारखीच. पण पोहते.”

गंगव्वाने मुलाकडे पाहिले, मग इंगवल्यांकडे. “मासा म्हणा की,” ती म्हणाली. “तीन वर्सं सुट्टीला आला की त्येची कापडं कोण धुतंय? मीच धुतो न्हवं? केकाचा वास मला कळत न्हाई व्हय?”

शिवशरण खाली बघत म्हणाला, “आई, मी खाल्ला न्हाई कधी.”

“ते बी म्हाईत हाय. खाल्ला असतास तर तोंडावर दिसलं असतं. कुणी भुकेलेल्याला घालतोयस, चोरी न्हाई करत. पर चार लोकांची तोंडं भाजली म्हणं, ते कसं?”

शिवशरणने सांगितले. सगळे सांगितले, टोमॅटोचा रस, नांगराचा शिक्का, टेबलावरचा डबा. शालूबाई ऐकत होत्या, कारण स्वयंपाकघर त्यांचे होते आणि तिथून त्यांना बाहेर जायला सांगणे इंगवल्यांनाही सुचले नाही. ऐकता ऐकता त्यांचे हात चालू होते. बासुंदी त्यांनी आपल्या पातेल्यात ओतली, पितळी डबा घासला, पुसला, आणि फळीवरची बरणी उतरवून त्यात लालभडक चटणी भरू लागल्या. वरून तेल सोडले.

“कशाला आक्का?” गंगव्वा म्हणाली.

“असू द्या. रिकामा डबा कसा पाठवायचा,” शालूबाई म्हणाल्या. “ह्यावर्षीची चांगली झालीया. बोटीवरबी हीच नेलती. तिथं मी आडवीच हुतो, पाणी पचंना. कुण्या भल्या माणसानं मऊ भात करून पाठवला. तूप, मीठ, बास. तेवढाच पोटात राहिला. तो डबा रिकामा धाडायचा कसा, म्हणून त्यातबी चटणी भरून दिली. म्हटलं, किचनातली पोरं रोज पांढरं खाऊन कंटाळली असतील, भाकरीसंगं खातील.”

शिवशरणने मान वर केली.

“कसला डबा हुता, आक्का?” गंगव्वाने हळूच विचारले.

“स्टीलचा. त्यांचाच. झाकणावर कायतरी आकड्यासारखं चित्र हुतं.”

“नांगर,” शिवशरण म्हणाला. मग म्हणाला, “तो भात मी केलता.”

शालूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिले. “तू व्हय रं?” त्या म्हणाल्या. “लई चांगला झालता बाबा.”

“आणि डबा किचनात कुणी नेला?” मी विचारले. विचारायची गरज नव्हती, पण बातमीत ते लागते.

शालूबाईंनी पळी उचलली आणि मधल्या दाराकडे केली.

मधल्या दारात इंगवले उभे होते. एकाएकी त्यांचे वय वाढल्यासारखे दिसले. “पिशवीत हुता,” ते म्हणाले. सरकारी मराठी पार गळून पडली होती. “मला म्हणाली डबा देऊन या. मी गेलो. कुणी न्हवतं. पहिल्याच टेबलावर ठिवला. मला काय म्हाईत भरलाय? डबा परत द्यायचा म्हंजे रिकामाच असतोय की.”

दोन्ही बायकांनी एकमेकींकडे पाहिले. अशा माणसाशी काय बोलायचे, असा तो पाहण्याचा भाव होता.

“एवढं वजन लागलं न्हाई हाताला?” शालूबाई म्हणाल्या. “नुसता हात ठिवला की पोत्यातलं कळत हुतं न्हवं तुमास्नी?”

इंगवले जिन्याखाली आपल्या पाटीखालच्या खुर्चीत जाऊन बसले. अर्धा तास त्यांना कोणी हाक मारली नाही. शिवशरण बाहेर जाऊन त्यांच्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, “ऱ्हाऊ द्या साहेब. आक्कांचं नाव द्यायला नको, तुमचंबी नको. मी दुसरीकडं बघतो काम.”

मला वाटले होते की आता ‘स्वयंचलित हात’ येणार. इंगवल्यांनी मला खाली बोलावले, कागद घ्यायला सांगितले आणि खुलासा सांगू लागले. तो मी इथे जसाच्या तसा देतो :

“सदर प्रकरणातील गुन्हेगाराचा शोध लावण्यात इंगवले तपास केंद्राला पूर्ण यश आले आहे. गुन्हेगार हा साठीचा, तरतरीत बांध्याचा, निवृत्त शासकीय प्रवृत्तीचा इसम असून त्याने भरलेला डबा रिकामा समजून किचनमध्ये ठेवला. आचारी शिवशरण याचा यात दोष नाही. त्याने आजारी प्रवाशाला मऊ भात करून पाठवला, हाच काय तो त्याचा सहभाग. गुन्हेगारास अटक झाली असून त्याने तपासात पूर्ण सहकार्य केले. गुन्हेगाराचे नाव आकाराम इंगवले. तपासी अंमलदार : आकाराम इंगवले.”

“खाली दोन सह्या करू का?” त्यांनी विचारले.

“एक चालेल,” मी म्हणालो.

त्यांनी दोन केल्या. शिवशरणने एक ओळ वाढवायला लावली : मी मासा खात नाही, म्हणून चव घेतली नाही. गंगव्वा शेजारी उभी होती. खुलासा त्याच दुपारी कचेरीच्या फॅक्सवरून मुंबईला गेला.

उत्तर तिसऱ्या दिवशी आले. मुख्य आचाऱ्याने पाठवले होते. खुलासा वाचला, असे त्यात होते. कंपनीच्या साहेबांना तो पटला की नाही हे अजून कळायचे आहे. मात्र त्या शनिवारनंतर दोन फेऱ्यांमध्ये प्रवासी ‘तो लाल मासा’ पुन्हा मागत आहेत, त्यात फुलदाणीचे पाणी प्यालेल्या गृहस्थांचा भाऊही आहे. म्हणून पुढच्या शनिवारी रात्री दोन पातेली लावायची. एकात नेहमीचा पांढरा, एकात लाल. लाल शिवशरणने करायचा. ज्या पातेल्याला माणसे येतील त्यावरून साहेब त्याचे ठरवतील. एक अट : चव घेतल्याशिवाय भांडे बाहेर जाणार नाही.

शेवटच्या अटीवर शिवशरणचा चेहरा उतरला. आई अजून इंगवल्यांकडेच होती, शालूबाईंनी तिला जाऊ दिले नव्हते. तिने अट पुन्हा एकदा वाचायला लावली.

“चव रश्शाचीच घ्यायची न्हवं?” ती म्हणाली. “मासा सोडायच्या आधी घे. भाकरीला लावून घे. चटणीला कुठं म्हाईत असतंय पुढं तिच्यात काय पडणार ते?”

शुक्रवारी पहाटे शिवशरण मुंबईच्या गाडीत बसला. शालूबाईंनी चटणीच्या दोन मोठ्या बरण्या दिल्या आणि नांगराचा शिक्का असलेला डबा हातात आला तर उघडून बघितल्याशिवाय रिकामा समजायचा नाही, अशी तंबी दिली. कोणाला, ते सांगितले नाही. इंगवल्यांनी पाटीवर एक ओळ रंगवून घेतली आहे : ‘पहिल्याच प्रकरणात गुन्हेगार जेरबंद.’ नागाप्पांनी जयसिंगपूरहून निरोप पाठवला आहे की पुढच्या वेळी मिरची लागली तर कळवा, पण आरोप नको.

शनिवारी सकाळी जहाजाने गोव्याचा किनारा सोडला. तिथपर्यंत शिवशरणचा फोन लागत होता. दोन्ही पातेली सारख्या मापाची आहेत, शेजारी शेजारी लावणार आहेत, आणि भाकरी करून रश्शाची चव घेतली, एवढे त्याने सांगितले. चव कशी आहे असे विचारल्यावर म्हणाला, “घरची आठवण आली. यावेळी खरीच.” मग रेंज गेली.

आता रविवारची सकाळ आहे. खाली गंगव्वा आणि शालूबाई फोनशेजारी बसून लसूण सोलत आहेत. काल रात्री कोणते पातेले आधी रिकामे झाले, याची माहिती हा मजकूर छपाईला जाईपर्यंत हाती आलेली नाही.